तन्यता खर्च होते, हे पाठात कुठे आहे?

धातू ठोकले की पत्रे होतात, म्हणून ते वर्धनीय. खेचले की तारा होतात, म्हणून ते तन्य. धातूंचा पाठ बहुधा या दोन व्याख्यांनी सुरू होतो आणि पाठोपाठ एक ग्रॅम सोन्याची दोन किलोमीटर तार येते. हिशेब बरोबर आहे. सोन्याची घनता १९.३ धरली तर त्या तारेचा व्यास सुमारे ०.००६ मिलिमीटर येतो. विद्यार्थ्यांकडून जरूर काढून घ्यावा. आमची तक्रार वेगळी आहे. तन्यता हा धातूला जन्मतः मिळालेला आणि कधी न संपणारा गुण आहे, असा समज हा पाठ करून देतो.

त्याचा परिणाम आम्ही एका शाळेच्या उत्तरपत्रिकेत पाहिला. 'तार पुन्हापुन्हा वाकवल्यास का तुटते?' असा प्रश्न होता. एका मुलीने लिहिले, 'कारण ती कडक होत जाते.' तिला शून्य गुण मिळाले. अपेक्षित उत्तर होते, 'ती गरम होते म्हणून.' वाकवलेली तार हाताला किंचित कोमट लागते हे खरे, पण तेवढ्या उष्णतेने तांबे किंवा लोखंड तुटत नाही. उलट पुरेशी उष्णता दिली तर तीच तार पुन्हा मऊ होते! मुलीचे उत्तर अपुरे होते, कारण पुढे तारेला बारीक तडे जातात हे तिने लिहिले नव्हते. पण ते तिच्या बोटांनी शोधलेले उत्तर होते.

गेल्या हिवाळ्यात हेमलकशाला गेलो असता हाच प्रश्न आम्ही काही मुलांपुढे ठेवला. गडचिरोली जिल्ह्यातील भामरागड तालुक्याचे हे गाव १९७३ साली सुरू झालेल्या लोकबिरादरी प्रकल्पामुळे सर्वांना ठाऊक आहे. आमच्याजवळ प्लास्टिक सोललेल्या, दीड मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचे तुकडे होते आणि समोर चूल होती. तार एकाच जागी वाकवून सरळ करायची, एवढेच काम. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी मुलांच्या लक्षात आले की वाकलेली जागा सरळ होतच नाही. बाक तिच्या शेजारी सरकतो. मग तसाच कडक झालेला तुकडा निखाऱ्यात मंद लाल होईपर्यंत तापवला आणि पाण्यात बुडवला. तो दोन बोटांनी वाकला. एका मुलाने विचारले, 'बाणाचं पातं लोहार तापवूनच ठोकतो, ते याचसाठी का?' याचसाठी. (पोलाद मात्र लाल तापवून पाण्यात बुडवले तर कडक होऊ शकते, हा फरक आधीच सांगावा.)

आत काय घडते? धातूच्या स्फटिकांत अणूंच्या रांगा काही ठिकाणी चुकलेल्या असतात. या रेषीय दोषांना विस्थापने म्हणतात. ती सरकतात म्हणून धातू न तुटता आकार बदलतो. टेलर, ओरोवान आणि पोलान्यी यांनी १९३४ साली ही कल्पना स्वतंत्रपणे मांडली. थंड अवस्थेत ठोकल्याने विस्थापनांची संख्या बेसुमार वाढते आणि आठवडी बाजारातल्या गर्दीसारखी ती एकमेकांची वाट अडवतात. बळकटी वाढते ती या कोंडीमुळे, आणि तन्यता घटते तीही तिच्यामुळेच. 'थंड' हा शब्दही जपून वापरावा. शिशाला खोलीचे तापमानच पुरेसे गरम असते, म्हणून ते कितीही ठोकले तरी फारसे कडक होत नाही.

पुण्याच्या तांबट आळीत हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या हातात आहे. भांडे घडवताना मधूनमधून तापवायचे आणि शेवटी माठारकाम करून ते ताठ ठेवायचे. सिमेंटच्या घरांतही याचा दाखला सापडतो. जुन्या स्लॅबमधल्या पिळाच्या सळया, म्हणजे टॉर स्टील, थंड अवस्थेत पिळूनच बळकट केलेल्या असत. भारतीय मानकांनुसार साध्या सळईचे नमन-बल २५० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर आणि तुटेपर्यंतची किमान वाढ २३ टक्के. ४१५ बलाच्या सळईला किमान १४.५ टक्के वाढ चालते. बळकटीची किंमत या दोन आकड्यांत स्पष्ट दिसते. पुढे पिळाच्या सळयांची जागा टीएमटी सळयांनी घेतली. त्यांची बळकटी पिळातून येत नाही; तापलेल्या सळईचा बाहेरचा थर पाण्याने झटकन थंड केल्यामुळे येते.

थंड प्रक्रियेने बळकटी आणि तन्यता दोन्ही वाढतात, असे विधानही अधूनमधून वाचायला मिळते. ते अर्धवट आहे. २००२ साली 'नेचर'मध्ये आलेल्या एका शोधनिबंधात द्रवरूप नायट्रोजनच्या तापमानाला लाटलेल्या तांब्यात दोन्ही गुण साधले होते. पण लाटल्यानंतर ते तांबे थोडा वेळ बेताने तापवले होते, आणि त्यामुळे अतिसूक्ष्म स्फटिककणांत काही मोठे कण तयार झाले होते. नुसत्या थंडीचे ते श्रेय नव्हे.

हेमलकशाच्या शेजारच्या एटापल्ली तालुक्यात सूरजागडचे लोहखनिज आहे. तिथल्या मुलांना 'लोखंड वर्धनीय आहे' एवढेच पाठ करायला देणे आम्हाला पटत नाही. व्याख्येखाली एक ओळ वाढवावी: 'हा गुण धातूवर आधी काय केले आहे त्यावरही ठरतो.' आणि त्या मुलीचा गुण तिला परत द्यावा.