दामाजीपंतांची पावती

गेल्या वाचनबैठकीत एका तरुण सभासदाने विचारले की, दामाजीपंतांच्या कथेला 'फँटसी' म्हणावे की नाही. प्रश्न निरागस होता, परंतु ज्येष्ठ मंडळी दुखावली. घरच्या पोथीला हे परके नाव देणे त्यांना रुचले नाही. आम्हांस मात्र प्रश्न रास्त वाटला. अद्भुत आणि वास्तव यांची सरमिसळ ही गार्सिया मार्केझ यांच्या 1967 सालच्या कादंबरीनंतर जगाला गवसलेली युक्ती आहे, असे मराठी समीक्षेत इतक्या वेळा लिहिले गेले आहे की, बिदर-कलबुर्गीकडच्या माणसाने आपल्या उंबरठ्यावरच्या कथा एकदा नीट उलगडून पाहणे अगत्याचे झाले आहे.

महिपतीने 'भक्तविजय' 1762 साली पूर्ण केला, म्हणजे बहामनी राज्य लयाला जाऊन दोन शतके उलटल्यावर. तेव्हा त्यातील बिदर हे इतिहासातले बिदर नव्हे. तरीही कथेचा सांगाडा निखळ व्यवहाराचा आहे. दुष्काळ पडलेला, मंगळवेढ्याचे सरकारी धान्य अधिकाऱ्याने वरिष्ठांच्या परवानगीवाचून लोकांना वाटलेले, आणि त्याला बिदरला हजर करण्याचा हुकूम सुटलेला. इथवर एकही चमत्कार नाही. त्यानंतर विठ्ठल महाराच्या वेषात दरबारी येतो, धान्याची किंमत चुकती करतो, आणि पैसे भरून पावती घेतो! ती पावती पुढे दामाजीपंतांच्या गीतेच्या पोथीत सापडते. देवालाही कचेरीचा शिरस्ता पाळावा लागतो, ही कल्पना ज्याला सुचली त्याने कचेऱ्यांचे उंबरठे झिजवलेले असणार. आमच्या मते कथेचा प्राण त्या कागदाच्या तुकड्यात आहे. पावती नसती तर उरला असता तो केवळ महिमा.

देवाने महाराचेच रूप का घेतले, हा प्रश्नही आपण फार सोयीस्करपणे टाळतो. गावचा सरकारी भरणा घेऊन राजधानीपर्यंत जाणे हे महाराच्या गावकामात मोडणारे होते. म्हणजे हे रूप वास्तवातूनच उचललेले आहे. बिदरच्या बादशहाकडून बावन्न हक्क मिळाल्याची महार समाजाची स्वतःची परंपराही आहे. कीर्तनकाराने देवाचे औदार्य आळवले, पण ज्याचे रूप देवाला उसने घ्यावे लागले, त्याला मंदिराबाहेर उभे राहावे लागत होते, हे सांगायचे राहून गेले. अद्भुताने वास्तवावर प्रकाश टाकावा अशी आपली अपेक्षा असेल, तर इथे तो निम्म्याच अंगावर पडला आहे.

गाणगापूरची गोष्ट त्याहून पक्की. 'गुरुचरित्र' रचणारे सरस्वती गंगाधर आपल्याला महाराष्ट्रभाषा येत नाही अशी कबुली ग्रंथारंभीच देतात. कानडी मुलखात मराठी सांभाळणाऱ्या आपल्या घरांना हा कवी जवळचा वाटावा तो याचसाठी. बाविसाव्या अध्यायातील वांझ म्हैस घ्या. दरिद्री ब्राह्मणाची ती म्हातारी, दात पडलेली म्हैस माती वाहण्यासाठी भाड्याने जात असे, आणि त्या भाड्यावर घर चाले. श्रीगुरूंच्या आज्ञेने ती दूध देते. दुसरा कोणी कवी इथे फुले उधळून अध्याय संपवता. हा कवी दुसऱ्या दिवशीची सकाळ दाखवतो. माती वाहायला म्हैस मागणारे दारात उभे राहतात, आता ती दुभती आहे म्हणून ब्राह्मण नकार देतो, आणि वार्ता गावच्या अधिपतीपर्यंत पोहोचते. चमत्कार घडल्यावर भाड्याचे काय झाले, हा प्रश्न कथा विसरत नाही. पन्नासाव्या अध्यायातील बिदरचा यवन राजाही मांडीवरच्या फोडाने हैराण होऊन गाणगापूरची वाट धरतो. पूर्वजन्मीचा रजक आणि या जन्मीचा राजा यांना जोडणारा दुवा म्हणजे एक साधे, ठणकणारे गळू.

पोथी आणि आधुनिक कथा एकच आहेत असे मात्र आमचे म्हणणे नाही. पोथी श्रद्धा मागते, कथा केवळ वाचनापुरती संमती मागते. निजामी अमदानीत उर्दूतून शिकलेल्या आपल्या आजोबांना हा भेद ठाऊक होता. 'तिलिस्म-ए-होशरुबा'तले जादूगार खरे आहेत का, असे त्यांनी कुणाला विचारले नसावे, आणि पारायणाला बसताना सोवळेही सोडले नाही.

आधुनिकांत ही वाट धारवाडच्या जी. ए. कुलकर्णी यांनी सर्वांत निर्धाराने चालली. 'पिंगळावेळ' (1977) मधील 'स्वामी' पाहा. प्रवासात अडकलेला एक साधा माणूस मठात मुक्काम करतो आणि स्वामी म्हणून भूमिगत खोलीत कोंडला जातो. त्याची सेवा नीट होते, कशाला उणे पडत नाही. भीती उपजते ती त्या नीटनेटक्या व्यवस्थेतून. 'रमलखुणा'तील 'इस्किलार' आणि 'प्रवासी' या दीर्घकथांचा दबदबा मोठा असला, तरी आम्हांस त्या किंचित कमी वाटतात. तिथे आरंभापासूनच भूमी अनोळखी आहे, त्यामुळे पायाखालून सरकायला ओळखीचे असे काही उरत नाही. हे मत पुष्कळांना पटणार नाही.

अलीकडे आमच्याकडे वाचनासाठी येणाऱ्या कथांत पऱ्या, समांतर विश्वे, बोलणारे वृक्ष यांची रेलचेल असते. कल्पनेला तोटा नाही. परंतु त्या वृक्षाखालची जमीन कुणाच्या नावावर आहे, त्याचे लाकूड तोडायला कोण टपले आहे, हे लेखकाला माहीत नसते. त्या तरुण सभासदाला आम्ही इतकेच उत्तर दिले की, नाव हवे ते द्यावे, पण पुढच्या बैठकीला स्वतःची कथा आणावी. कथा आली आहे. तीत बिदरच्या किल्ल्यात रात्री घोड्यांच्या टापा ऐकू येतात, आणि पहारेकऱ्याला त्याची नोंद हजेरीबुकात कोणत्या रकान्यात करावी हे कळत नाही.