आधी कोणाच्या पेट्या?

विल्की कॉलिन्सची 'द मूनस्टोन' (1868) ही इंग्रजीतली सुरुवातीची मोठी गुप्तहेर कादंबरी. तिची रचना, अनेक निवेदक, सार्जंट कफची बुद्धी यांचे कौतुक प्रस्थापित समीक्षा करते. ते खोटे नाही. मला मात्र ती वाचताना हिऱ्यापेक्षा पेट्या दिसत राहिल्या.

हिरा मुळात लुटीचा. 1799 मध्ये श्रीरंगपट्टण पडले तेव्हा हर्नकॅसल या इंग्रजाने रक्त सांडून तो घेतला. पुढे यॉर्कशायरच्या व्हेरिंडर बंगल्यातून तो नाहीसा होतो, आणि पोलीस आधी नोकरांच्या पेट्या तपासतात. मग कफ म्हणतो, घरातल्या सगळ्यांचेच कपडे पाहू. मालकिणीची मुलगी रेचल नकार देते. तपासायचे तर सगळ्यांचे, नाही तर कोणाचेच नाही, ही कफची भूमिका न्यायाची आहे. पण नकार देण्याची सोय कोणाला होती?

वसतिगृहात एकाचे घड्याळ हरवले तेव्हा आम्हा तिघांच्याच ट्रंका आधी उघडल्या होत्या. घड्याळ दुसरीकडे सापडले. आईने बांधून दिलेल्या शिळ्या भाकरी मात्र सगळ्यांनी पाहिल्या.

म्हणून रोझॅना स्पिअरमन माझ्या मनातून जात नाही. मोलकरीण, खांद्याने वाकडी, पूर्वी चोरीची शिक्षा भोगलेली. फ्रँकलिन ब्लेकवर तिचा जीव जडतो. त्याचा रंग लागलेला झगा ती लपवते आणि दलदलीच्या वाळूत जीव देते. कारभारी बेटरेज बोलतो, वकील बोलतो, धर्मवेडी मिस क्लॅकसुद्धा बोलते. रोझॅना बोलते ती मेल्यावर, पत्रातून. तेही ब्लेकला झेपत नाही. अर्ध्यावर तो ते बेटरेजकडे देतो.

अफूच्या अमलात हिरा उचलतो ब्लेकच, पण पचवतो गॉडफ्रे एबलव्हाइट, धर्मादाय कामांत मिरवणारा. त्याच्या प्रेताच्या तोंडावरचा काळा रंग धुतल्यावर खालून सभ्य गृहस्थ निघतो. इथे कॉलिन्सला दाद द्यावी.

मर्यादा शेवटी दिसते. हिऱ्यासाठी जात गमावलेल्या तीन ब्राह्मणांबद्दल त्याला हळहळ वाटते. पण सोमनाथच्या त्या गर्दीत जन्मानेच बाहेर ठेवलेला माणूस कुठे उभा होता, हे त्याला सुचत नाही.

वर्गात मी थांबतो ते लूसीपाशी. कोळ्याची लंगडी पोर, रोझॅनाची मैत्रीण. गरीब एक दिवस श्रीमंतांवर उठतील, आणि सुरुवात ब्लेकपासून व्हावी, असे ती बेटरेजला तोंडावर सुनावते. कथानक त्या बोलण्यावाचून अडले नसते.