दोन दप्तरं, एक गाव

मराठीत पोराच्या पाठीवरचं ते दप्तर आणि जुन्या कागदांचा साठा तेही दप्तरच. कॅनडाच्या उत्तरेकडच्या इन्युइट लोकांच्या कलेत या दोन दप्तरांची फारकत झाली आहे: पोरं गावात, कागद दूर.

किनगाइट, म्हणजे पूर्वीचं केप डॉर्सेट, हे कॅनडातल्या बॅफिन बेटाला लागून असलेल्या डॉर्सेट बेटावरचं इन्युइट गाव. बाहेरून इथे रस्ता येत नाही. गावच्या सहकारी संस्थेने १९५९ साली छापचित्रांचा पहिला वार्षिक संच काढला. इथल्याच केनोजुआक अशेवाक या चित्रकार बाईचं १९६० चं घुबड तर १९७० मध्ये टपाल तिकिटावर गेलं. संस्था कलावंतांची रेखाटनं विकत घ्यायची. छापली जायची त्यातली मोजकीच, बाकीची साठत राहायची. अशी हजारो रेखाटनं आता ओंटारिओतल्या मॅकमायकल संग्रहालयात दीर्घ मुदतीसाठी ठेवलेली आहेत. गावापासून दोन हजारांवर किलोमीटर दूर.

याला सरसकट लूट म्हणायला माझी जीभ रेटत नाही, कारण गावात राहिलेलं टिकतंच असं नाही. २०१५ मध्ये गावातली शाळा जळून खाक झाली. तिला पीटर पिट्सिओलाक या इन्युइट छायाचित्रकाराचं नाव होतं. त्याच्या निगेटिव्ह मात्र दक्षिणेत, राष्ट्रीय संग्रहालयात शाबूत आहेत.

कागद वाचला, पण त्यावरचं माणूस कोणाचं कोण हे सांगणार कोण? १९४० च्या दशकात सरकारने इन्युइटांना नंबराचे बिल्ले वाटले. गोल चकती, वर राजमुकुट, नंबर, गळ्यात अडकवायला दोरा. केनोजुआकचा नंबर ई७-१०३५. मग १९७० च्या आसपास आडनावं लावली गेली. त्यामुळे जुन्या नोंदींत एकच माणूस कुठे नंबराने, कुठे नावाने, कुठे तिसऱ्याच स्पेलिंगने भेटतो. त्यातून इन्युइट नावात स्त्री-पुरुष भेद नाही. वरचा छायाचित्रकार पिट्सिओलाक, आणि चित्रकार पिट्सिओलाक अशूना ही बाई.

या बाईने तंबूतलं, भटकंतीचं जुनं जगणं काढलं. तिची लेक नापाची पूटूगूक हिने बायकांनी सोसलेली मारहाणही काढली. नात ॲनी हिने स्वयंपाकघर, टीव्ही, पैशाचं एटीएम काढलं आणि कॅनडातला २००६ चा सोबी कला पुरस्कार मिळवला. बाजाराला घुबडं आणि अस्वलं हवी होती. मला विचाराल तर या घराण्याची खरी बखर या तिघींच्या कागदांत आहे. पण यादीत आडनावं वेगळी, त्यामुळे आजी आणि नात वेगवेगळ्या खणांत जातात.

विनिपेगमध्ये २०२१ साली उघडलेल्या कौमाजुक या इन्युइट कला केंद्रात तीन मजली काचेच्या तिजोरीत हजारो कोरीव दगड मांडले आहेत. डोळ्यांचं पारणं फिटतं. पण नुनावुत, म्हणजे किनगाइट ज्यात येतं त्या प्रदेशाच्या सरकारला स्वतःचा संग्रहही तिथेच ठेवायला द्यावा लागला, कारण घरी तशी जागा नाही.

मला मोलाचं वाटतं ते २००१ मध्ये सुरू झालेलं छोटं काम. ओटावात शिकणारी नुनावुतची मुलं राष्ट्रीय अभिलेखागारातले छायाचित्रकार रिचर्ड हॅरिंग्टनने काढलेले इन्युइटांचे फोटो लॅपटॉपवर घेऊन गावी गेली. म्हाताऱ्यांनी पडद्यावर बोट ठेवून नावं सांगितली: ही अमकी, तो तिचा भाऊ. जिथे नुसतं ‘एस्किमो बाई’ लिहिलं होतं, तिथे नाव आलं. दोन्ही दप्तरं एकाच पाठीवर आली ती अशी.

मॅकमायकलची रेखाटनंही आता स्कॅन होऊन इंटरनेटवर येताहेत. ती दाखवायलाही कुणी असंच घरोघर जायला हवं, आणि लवकर. हॅरिंग्टनने १९५० च्या सुमारास ज्या पोरांचे फोटो काढले, ती आज ऐंशीच्या घरात आहेत.