पानाच्या तळाशीं

ग्रंथाच्या पानाच्या तळाशीं बारीक टाइपांत जो मजकूर असतो त्याविषयीं आमच्या सुशिक्षित वाचकांत दोन मतें आढळतात. कित्येकांस तो विद्वत्तेचा निव्वळ थाट वाटतो. भातांतल्या खड्याप्रमाणें तो वाचनाच्या आड येतो, असें त्यांचें म्हणणें. उलटपक्षीं, प्रबंध लिहिणाऱ्या तरुण मंडळींस टीपा म्हणजेच संशोधन, असें वाटूं लागलें आहे. संशोधनपर नियतकालिकाकडे लेख धाडावयाचा म्हणजे स्वल्पविराम कोठें, कंस कोठें, आडनांव आधीं कीं नांव आधीं, ह्याचीच त्यांस विवंचना. ह्या दोन्ही मतांत मला एकच चूक दिसते. दोघेही टीपेस अलंकार समजतात. एकास तो नकोसा आहे, दुसऱ्यास हवासा, एवढाच काय तो भेद. वस्तुतः टीप म्हणजे लेखकानें वाचकास दिलेलें वचन होय. अमुक गोष्ट मीं अमुक ठिकाणीं पाहिली, शंका असल्यास आपण स्वतः तेथें जाऊन पाहावें, हा तिचा सारा आशय. टीपेच्या रूपाविषयींचे सर्व नियम ह्याच एका कसोटीस लावले पाहिजेत.

रूपाचा प्रश्न क्षुल्लक मुळींच नव्हे. गिबनच्या रोमन साम्राज्याच्या इतिहासाचा पहिला खंड १७७६ सालीं निघाला तेव्हां त्याच्या टीपा ग्रंथाच्या अखेरीस छापल्या होत्या. डेव्हिड ह्यूम त्या वेळीं मरणाच्या दारीं होता. तरीही त्यानें त्याच वर्षीं प्रकाशक स्ट्रॅहन ह्यास लिहून तक्रार केली कीं, टीपेचा आंकडा दिसतांच वाचकानें पानें उलटीत शेवटीं जावें आणि तेथें पुष्कळदां नुसतें ग्रंथाचें नांव सांपडावें, हा जाच आहे. असे आधार समासांत किंवा पानाच्या तळाशीं द्यावे. पुढें गिबननें ही सूचना मानली. ह्यूमचा आग्रह वाचकाची पायपीट वांचविण्याचा होता, आणि जो नियम ती वांचवितो तोच चांगला.

ह्याच दृष्टीनें आज रूढ असलेल्या पद्धतींकडे पाहावें. लेखकाचें नांव व कंसांत सन, एवढ्यावर भागविण्याची रीत हार्वर्डचे प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्स मार्क ह्यांच्या १८८१ सालच्या निबंधापर्यंत मागें नेतां येते. शास्त्रीय विषयांत ती सोयीची आहे, कारण तेथें शोध कोणत्या सालचा ह्याला महत्त्व असतें. पण तीच रीत मराठ्यांच्या इतिहासास डोळे मिटून लावली म्हणजे काय होतें? राजवाडे ह्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ ह्या मालेचा पहिला खंड १८९८ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांतील एखाद्या पत्राचा आधार देतांना ‘राजवाडे, १८९८’ एवढेंच लिहिलें तर वाचकाच्या हातीं काय लागलें? पत्र कोणीं कोणास लिहिलें, कोणत्या मितीस लिहिलें, खंडांत त्याचा अनुक्रमांक कोणता, हें मुख्य. छपाईचें साल गौण.

आमच्या वाङ्मयाच्या आणखीही अडचणी आहेत. तुकारामांच्या अभंगांचे क्रमांक गाथागणिक बदलतात. ज्ञानेश्वरीची राजवाडे ह्यांची प्रत १९०९ सालीं निघाली; तींतील ओव्यांचे आंकडे इतर प्रतींशीं सर्वत्र जुळतील अशी अपेक्षा करूं नये. तेव्हां कोणती प्रत हें न सांगतां दिलेला ओवीचा आंकडा म्हणजे गांवाचें नांव न घालतां लिहिलेला घरक्रमांकच. जुन्या पुस्तकांवर पुष्कळदां केवळ शक असतो. शकांत ७८ मिळविले कीं झालें, असें समजणारे पौष-माघांतल्या मित्या एक वर्ष मागें ढकलतात. म्हणून ग्रंथावर शक असेल तर टीपेंतही शक द्यावा आणि इसवी सन कंसांत घालावा. ‘तत्रैव’ हा शब्द तर फार जपून वापरावा. लिहितांना तो सोयीचा असतो. परंतु मध्यें एखादा नवा परिच्छेद घातला कीं ‘तत्रैव’ भलत्याच ग्रंथाकडे बोट दाखवितो.

येथवर रूपाचें झालें. पण रूप निर्दोष असूनही टीप खोटी असूं शकते, आणि ह्याचा दाखला मला दुसऱ्याच्या घरीं शोधावयास नको. पंचवीस वर्षांपूर्वींच्या माझ्या एका लेखांत एका बखरीचा पृष्ठांक मीं दिला होता. बखर मीं पाहिली नव्हती. तो आंकडा मीं एका मान्य ग्रंथाच्या टीपेंतून उचलला होता, आणि माझ्या टीपेंत मात्र बखरीचें नांव घातलें होतें. कांहीं महिन्यांनीं तालुक्याच्या गांवाहून एका निवृत्त शिक्षकांचें कार्ड आलें. आपल्या प्रतींत तेवढीं पानेंच नाहींत. माझी आवृत्ति कोणती तें कळविल्यास ते ती मिळवून पाहणार होते. मूळ ग्रंथ छापतांना दोन आंकडे उलटे पडले होते, आणि ती चूक मीं इमानानें पुढें चालविली होती. त्या सज्जनांनीं मजवर कसलाही आरोप केला नाहीं. माझी आवृत्तिच निराळी असेल, अशी त्यांची माझ्याविषयीं समजूत होती. तीच मला अधिक लागली. डोळ्यांनीं पाहिलेलें आणि कानांनीं ऐकलेलें ह्यांतील फरक न्यायालयांत पाळतात तसाच टीपेंतही पाळावयास हवा. अमक्या ग्रंथांत उद्धृत, एवढे तीन शब्द लिहिल्यानें माझी लाज राखली गेली असती.

सांप्रत ह्या गोष्टीस निराळेंच महत्त्व आलें आहे. टीपा सजविण्याचें काम आतां संगणक करतो, हें इष्टच आहे. परंतु मजकूर रचून देणारीं जीं नवीं यंत्रें निघालीं आहेत तीं नसलेले ग्रंथही रचून देतात. २०२३ सालीं न्यूयॉर्कच्या न्यायालयांत दोन वकिलांनीं यंत्राकडून मिळालेले पूर्वनिर्णय दाखल केले. पक्षकारांचीं नांवें, खंड, पृष्ठ, साल, सर्व यथास्थित होतें, फक्त ते खटलेच कधीं झाले नव्हते. त्या वकिलांस व त्यांच्या कचेरीस मिळून पांच हजार डॉलर दंड झाला. स्वल्पविरामांवरून संशोधनाची परीक्षा करणाऱ्या आम्हां अध्यापकांनीं ह्या प्रकरणापासून धडा घ्यावा.

ह्याउलट आदर्श आपल्याजवळच आहेत. पांडुरंग वामन काणे ह्यांच्या १९३० ते १९६२ ह्या काळांत निघालेल्या धर्मशास्त्राच्या इतिहासांत पानोपानीं तळाशीं मूळ संस्कृत वचनें दिलीं आहेत. ग्रंथकाराचा अर्थ पटत नसेल तर वाचकानें तेथल्या तेथें पडताळा घ्यावा. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तींत, जिचें काम १९१९ सालीं सुरू होऊन १९६६ सालीं पुरें झालें, श्लोकांखालीं निरनिराळ्या पोथ्यांतील पाठ दिले आहेत. आणि स्वीकारलेला पाठ जेथें कमी निश्चित आहे तेथें त्याखालीं नागमोडी रेघ ओढली आहे. एवढ्या मोठ्या विद्वानांनीं ‘येथें आमची खात्री नाहीं’ असें छापून सांगावें, ह्यांत मला त्यांच्या पांडित्याहून थोर असें कांहीं दिसतें.

म्हणून तरुण लेखकांस माझें एवढेंच सांगणें आहे. ज्या नियतकालिकाकडे लेख पाठवाल त्याचे नियम निमूटपणें पाळा. घरोघरच्या रीती निराळ्या, आणि पाहुण्यानें त्यांविषयीं वाद घालूं नये. परंतु लेख पाकिटांत घालण्यापूर्वीं प्रत्येक टीपेपाशीं थांबून स्वतःस विचारा: हें पान मीं उघडलें होतें काय? उत्तर नकारार्थी असेल तर तें पान उघडा, किंवा ज्याच्या तोंडून ऐकलें त्याचें नांव सांगा. दूर कोठेंतरी कोणी निवृत्त शिक्षक आपल्या शब्दावर विश्वासून कपाटांतलें पुस्तक काढीत असतो. त्याची खेप फुकट जातां कामा नये.