बोट उचलण्याची विद्या

गेल्या पावसाळ्यात चर्चमधल्या ऑर्गनवादकांच्या एका दिवसभराच्या शिबिराला गेलो होतो. वीस-पंचवीस जण जमले होते. नाताळापुरते वाजवणारी कॉलेजची मुले होती, दोन पाळकबाई होत्या, आणि एकाच मंडळीत चाळीस वर्षे पायपेटी वाजवलेले एक निवृत्त शिक्षक होते. सकाळचे तीन तास कीबोर्डवरचे तयार ठेके कसे निवडायचे आणि ट्रान्स्पोजचे बटण कधी दाबायचे यात गेले. जेवणाआधी मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. म्हणाली, "गीत म्हणताना लोक श्वास कुठे घेणार, हे मला कळतच नाही. मी पुढे निघून जाते, मग थांबते, मग सगळंच विस्कटतं. काय करू?" मार्गदर्शकांनी उत्तर दिले, "लोकांकडे लक्ष देऊ नकोस. मेट्रोनोम लावून सराव कर."

तो क्षण माझ्या मनातून गेलेला नाही. त्या मुलीने या कलेतला सर्वांत मोठा प्रश्न विचारला होता, आणि वादकांसाठी भरवलेल्या शिबिरात त्याला उत्तर मिळाले नाही.

गेल्या काही वर्षांत मी अशी शिबिरे, मेळावे, कार्यशाळा बऱ्याच पाहिल्या. वाद्यविक्रेत्यांच्या मदतीने होणारी शिबिरे ही विक्रीची प्रात्यक्षिके असतात. त्यांच्यावर याहून जास्त शब्द खर्च करायला नकोत. ग्रेडच्या परीक्षांची तयारी करून घेणारे वर्ग बोटे चांगली घडवतात, पण त्या परीक्षेत समोर मंडळी नसते. उपासनेतील संगीताच्या महत्त्वावर भाषणे देणाऱ्या परिषदांतून मी दरवेळी वही भरून परतलो आणि रविवारी त्या वहीतले एक वाक्यही कामी आले नाही. जुना पाइप ऑर्गन दाखवायला नेणाऱ्या सहली मला आवडतात. मुंबईच्या खाऱ्या दमट हवेत लाकूड आणि चामडे टिकवणे किती कठीण, हे तिथे डोळ्यांनी दिसते. पण तो इतिहासाचा धडा झाला, वादनाचा नव्हे.

वादनाचा धडा सुरू होतो तो ऑर्गनच्या स्वभावापासून. सतारीची तार छेडली की स्वर जन्मतो आणि लगेच मावळू लागतो. पियानोचेही तेच. ऑर्गनचा स्वर मात्र पट्टी दाबून ठेवली तोवर तसाच उभा राहतो, पाइपांचा असो वा पेटीतल्या धातूच्या पत्त्यांचा. पाइप ऑर्गनची पट्टी जोराने मारली म्हणून आवाज वाढत नाही. मग या वाद्यावर शब्दाला उठाव द्यायचा कसा? त्या स्वराच्या आधी किंचित जागा सोडून. आधीचा स्वर केसभर लवकर सोडला की पुढचा ठसठशीत उभा राहतो. सोडला नाही की दोन्ही एकमेकांत मिसळून चिखल होतो. म्हणजे ऑर्गनवादकाची खरी करामत बोट टाकण्यात कमी आणि उचलण्यात जास्त असते. आणि ओळीच्या शेवटी सगळी बोटे एकदम उचलली की चर्चमध्ये जी शांतता पसरते, त्या शांततेत दोनशे माणसे श्वास घेतात. ती जागा वादकाने दिली नाही तर माणसे ती चोरून घेतात, आणि मग गाणे फाटते.

शिबिरातले ते निवृत्त शिक्षक जेवणाच्या सुट्टीत त्या मुलीला घेऊन कोपऱ्यातल्या पेटीपाशी बसले. मीही जाऊन उभा राहिलो. त्यांनी आधी तिला पट्ट्यांना हातच लावू दिला नाही. "तू म्हण, मी वाजवतो." तिने एक कडवे म्हटले. मग त्यांनी तेच कडवे मुद्दाम कुठेही न उचलता वाजवले. तिसऱ्या ओळीला तिचा श्वास संपला आणि ती हसत थांबली. मग जागा बदलल्या. ते बसक्या, थरथरत्या आवाजात म्हणू लागले, जसे आमच्या मंडळ्यांतले सत्तरी ओलांडलेले लोक म्हणतात, आणि तिला सांगितले, "माझ्या तोंडाकडे बघ. ओठ मिटले की बोटं वर." पंधरा मिनिटांत तिचे वादन बदलले. त्या दिवशीच्या छापील कार्यक्रमात त्या पंधरा मिनिटांचा उल्लेख नाही.

मला ज्या प्रकारच्या मेळाव्यांबद्दल भरभरून लिहावेसे वाटते, ते असे आहेत. पाच-सहा वादक एखाद्या संध्याकाळी चर्चच्या मागच्या खोलीत जमतात. एकच गीत घेतात. एकाने वाजवायचे, बाकीच्यांनी गायचे; मग पेटी पुढच्याकडे. तेच गीत सहा हातांतून सहा वेळा ऐकले की कान उघडतात. एकजण ध्रुवपदाकडे येताना घाई करतो, दुसरी शेवटचा स्वर इतका धरते की पुढचे कडवे सुरू करायची हिंमत होत नाही. कोणी व्याख्यान देत नाही. जो गात असतो त्याला वादकाची चूक छातीत जाणवते, आणि तो ती लगेच सांगतो.

या बैठकांत सगळ्यात मोलाचे काम होते ते शब्दांवर. मराठी ख्रिस्ती गीतांची घडण दोन घरची आहे. मिशनऱ्यांच्या काळात इंग्रजी चालींत बसवलेली भाषांतरे आली. त्या चालींचा आघात ठराविक जागी पडतो, आणि मराठीत तिथे कोणते अक्षर येईल याचा भरवसा नसतो. 'करुणा'तला 'क' लांब स्वरावर ताणला गेला की शब्दाचा अर्थच डोळ्यांसमोरून जातो. दुसरे घर टिळकांचे. नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले आणि १९१९ मध्ये गेले. त्या चोवीस वर्षांत त्यांनी मराठी मंडळीच्या तोंडी तिचे स्वतःचे छंद परत दिले. 'उपासना संगीत' हे गीतपुस्तक हातात घेणाऱ्याला हे सांगायला नको. कृष्णराव सांगळ्यांच्या ख्रिस्ती कीर्तनाची वाटही हीच. आता हे छंदच पाहा. मोठ्या अभंगाची पहिली तीन चरणे सहा-सहा अक्षरांची आणि चौथे चारांचे. ते चौथे चरण आखूड आहे, कारण तिथे थांबायचे आहे. साकीत सोळा मात्रांवर यती, म्हणजे विराम, आहे, मग बारा. बोट कुठे उचलायचे हे कवीनेच लिहून ठेवले आहे. आणि तरीही मी शिबिरामागून शिबिरे पाहिली, जिथे अभंगाला चार-चार ठोक्यांच्या चौकटीत कोंबून, चौथ्या चरणाची मोकळी जागा ड्रमच्या आवाजाने भरून काढायला शिकवतात.

हे वाद्य काही आपल्याला परके नाही. १८४२ मध्ये पॅरिसमध्ये देबँ या वाद्यनिर्मात्याने पेटंट घेतलेला हार्मोनियम आपण मांडीशी घेतला आणि त्याची पेटी केली. आकाशवाणीने १९४० पासून तीन दशके पेटीला दार बंद केले, त्या काळातही रविवारच्या उपासनेत ती वाजत होतीच. नाटकात ऑर्गन आला आणि बालगंधर्वांच्या गाण्यामागे हरिभाऊ देशपांड्यांचा ऑर्गन उभा राहिला. पुढे गोविंदराव पटवर्धनांनी साथ म्हणजे काय हे दोन पिढ्यांना ऐकवले. साथसंगतीची इतकी समृद्ध विद्या ज्या भाषेच्या आसपास आहे, त्या भाषेतल्या चर्चच्या वादकांना तिचा एक धडाही दिला जात नाही. एकाही शिबिरात मी कीर्तनाला साथ करणारा पेटीवाला बोलावलेला पाहिला नाही. नाटकाचा ऑर्गन वाजवलेला एकही बुजुर्ग पाहिला नाही.

अर्थात ती विद्या जशीच्या तशी उचलून चालणार नाही. कीर्तनात पेटीवाल्यापुढे बुवा असतात. त्यांच्या श्वासावर नजर ठेवली की झाले. चर्चमध्ये बुवा नसतो. समोर शेकडो माणसे असतात आणि त्यांना एकमेकांचे उशिरा ऐकू येते. तीस मीटर लांबीच्या दगडी चर्चमध्ये मागच्या सज्जात ऑर्गन असेल तर वादकाचा स्वर पुढच्या बाकापर्यंत पोचून तिथल्या लोकांचा आवाज परत यायला सेकंदाचा सहावा भाग लागतो. वादक त्या परतलेल्या आवाजाच्या मागे गेला की लोक आणखी रेंगाळतात, मग वादक आणखी, आणि चौथ्या कडव्यापर्यंत गीत बुडते. म्हणून इथे मागे-मागे जाणारी साथ चालत नाही. वादकाने पुढे चालायचे आणि कान मागे ठेवायचे. नाटकातल्यासारख्या रिकाम्या जागा भरूनही चालत नाही, कारण इथे त्या जागा लोकांच्या फुफ्फुसांसाठी आहेत. हे शिकवायला हवे, आणि हे मेट्रोनोमने शिकवता येत नाही.

जर्मनीत अर्धवेळ चर्चसंगीतकारांसाठी जी सी-परीक्षा असते तिच्यात उपासनेतले ऑर्गनवादन हा स्वतंत्र विषय आहे: गीताची छोटी प्रस्तावना तिथल्या तिथे रचायची, आणि मग गीत चालवायचे. अमेरिकेत १८९६ मध्ये स्थापन झालेल्या ऑर्गनवादकांच्या गिल्डनेही मैफिलीच्या वादनापासून वेगळे, केवळ उपासनेत वाजवण्याचे प्रमाणपत्र ठेवले आहे. त्या लोकांना हा फरक कळला, कारण त्यांनी त्याची किंमत मोजली होती. १७०६ च्या फेब्रुवारीत आर्नश्टाटच्या चर्चच्या अधिकाऱ्यांनी एका वीस वर्षांच्या ऑर्गनिस्टला बोलावून घेतले आणि जाब विचारला, की गीतांच्या साथीत तू इतके चमत्कारिक फेरफार करतोस की मंडळी गोंधळून जाते. तो तरुण बाख होता. आमच्याकडे ही गोष्ट नेहमी बाखच्या बाजूने सांगतात, अलौकिक प्रतिभेपुढे क्षुद्र कारकून. मला ती तशी सांगवत नाही. त्या सकाळी बाकांवर बसलेली माणसे गाऊ शकली नाहीत, आणि अधिकाऱ्यांनी त्यांच्या वतीने तक्रार केली. त्यांचे बरोबर होते. बाखचीही गाणाऱ्या माणसांशी बांधिलकी अशी की तो आयुष्यभर त्याच गीतांभोवती रचना करत राहिला.

गोव्यातल्या पॅरिश शाळांचे उदाहरण तर जवळचे आहे. पोर्तुगीज काळापासून चर्चचा संगीतशिक्षक, मेस्त्रे, गावातल्या मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवत असे. मुंबईच्या हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत अँथनी गोन्साल्विस आणि सेबॅस्टियन डिसोझांसारखी माणसे त्या गोव्यातून आली. तिथे शिबिर नव्हते. एक शिक्षक होता, एक गाव होते आणि सतत चालणारा वर्ग होता. वर्षातून एकदा जेवणासह एक दिवस भरवून आपण त्याची बरोबरी करू पाहतो आणि सहभागाचे प्रमाणपत्र वाटतो.

कॅथलिक वाचक म्हणतील, आमच्याकडे हा प्रश्न १९६३ मध्येच सुटला. द्वितीय व्हॅटिकन परिषदेच्या उपासनाविषयक संविधानातला ११९वा परिच्छेद लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेला मान देतो, आणि १२०वा पाइप ऑर्गनचा मोठा आदर राखायला सांगून इतर योग्य वाद्यांनाही दार उघडतो. खरे आहे. वसईत मराठी मिस्साबरोबर पेटी आणि तबला वेदीजवळ आले तेही या आधाराने. पण दार वाद्यांसाठी उघडले होते. ते आज ध्वनिफितीसाठी उघडे पडले आहे. ज्या चर्चमध्ये मोबाइलवर 'ट्रॅक' लावून लोकांना त्याच्यासोबत गायला लावतात, तिथे वाद्य उरत नाही आणि वादकही. ट्रॅकला कान नाहीत. पहिल्या बाकावरची आजी श्वासासाठी थांबली तरी तो थांबत नाही. दुसऱ्या कडव्यात ती गप्प होते, आणि तिच्यामागची दोन माणसे तिसऱ्यात. मी हे एका चर्चमध्ये सलग चार रविवार पाहिले. चौथ्या रविवारी स्पीकरमधला आवाज फार स्पष्ट ऐकू येत होता, कारण दुसरा कोणताच आवाज नव्हता.

हे चर्चच्या कमिट्यांना सांगितले की उत्तर मिळते, वादक मिळत नाहीत. का मिळावेत? ज्या पाळकबाईंनी वीस वर्षे फुकट वाजवले, त्यांना पेटी दुरुस्त करून घ्यायला पैसे मागावे लागले. एका मंडळीत पायपेटीचा भाता फाटला. तो सांधणारा माणूस दोन गल्ल्या पलीकडे होता, पण पेटी भंगारात गेली आणि त्या आठवड्यात नवा कीबोर्ड आला, ठेक्यांसह. भात्याला चामडे लावण्याचा खर्च आणि कीबोर्डची किंमत यांची तुलना कोणी केली का, असे मी विचारले. कोणी केली नव्हती. वादक मिळत नाहीत हे खरे नाही. वादक घडवायचे तर त्याला दर आठवड्याला लोकांसमोर चुकू द्यावे लागते, आणि चुकण्याची तेवढी मुभा द्यायला कोणी तयार नाही.

म्हणून शिबिरे भरवणाऱ्यांना माझे थेट सांगणे आहे. शनिवारचे सभागृह सोडा. रविवारी सकाळच्या उपासनेनंतर मंडळीला अर्धा तास बसवून ठेवा. आजी-आजोबांना पहिल्या बाकांवर बसवा. शिकणाऱ्याला त्यांच्यासमोर एकच गीत वाजवू द्या, आणि चूक सांगायची मुभा त्यांना द्या, मार्गदर्शकाला नको. कीर्तनाच्या पेटीवाल्याला बोलावा. त्याचे प्रवासभाडे आणि मानधन द्या. पाळकबाईंनाही द्या. ठेक्यांचे आणि ट्रान्स्पोजचे सत्र काढून टाका, कारण ज्याला काळ्या पट्टीवरून गीत उतरवता येत नाही त्याने बटण दाबण्यापेक्षा ते गीत आधी तोंडपाठ करावे. आणि निमंत्रणपत्रात 'येताना आपला कीबोर्ड आणावा' अशी जी ओळ दरवर्षी असते, तिच्या जागी 'येताना गीतपुस्तक आणावे, गावे लागेल' असे छापा.