वाढते विद्यालय आणि मोकळे अंगण

देवालय वाढविताना प्रथम काय राखावयाचे, हे आपल्या वाडवडिलांस पुरते ठाऊक होते. गोमंतकातील देवस्थानांत सभामंडप वाढले, यात्रेकरूंच्या सोयीसाठी अग्रशाळा उठल्या. परंतु पालखी फिरावयाचे अंगण कोणी भरून टाकले नाही. कारण ती रिकामी जागा नव्हे, तीही देवालयच होय.

हाच विवेक विद्यालयांस लावून पाहावा असे आम्हांस वाटते. ग्वाल्हेरच्या बिर्लानगरापासून जवळच, १९५७ साली जिवाजीराव शिंदे यांनी स्थापिलेली माधव इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी अँड सायन्स ही संस्था आहे. तेथे अभियांत्रिकीबरोबर वास्तुकलाही शिकविली जाते. विद्यार्थी वाढले की खोल्या वाढवाव्या लागतात, हे कोणत्याही विद्यालयास चुकत नाही. त्या कशा वाढवाव्यात, हा खरा प्रश्न आहे. वास्तुकलेच्या विद्यालयाला तर तो अधिकच लागू, कारण तेथील भिंती हाच विद्यार्थ्यांचा पहिला धडा असतो.

या बाबतीत अहमदाबादचे उदाहरण पाहण्याजोगे आहे. जन्माने पुण्याचे व मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकलेले बाळकृष्ण दोशी यांनी १९६२ साली तेथे वास्तुकलेचे विद्यालय सुरू केले आणि त्याची इमारतही स्वतःच योजिली. विटांच्या समांतर भिंती, उत्तरेचा शांत उजेड, आणि खाली मोकळा, सावलीचा तळ. त्या तळात वारा शिरतो आणि विद्यार्थीही. वर्गातील चर्चा पायऱ्यांवर उतरते. पुढे संस्था वाढून विद्यापीठ झाली, आणि ग्रंथालयास जागा हवी झाली.

राहुल मेहरोत्रा यांनी योजिलेले ते ग्रंथालय २०१७ साली पुरे झाले. त्याचा मोठा भाग त्यांनी जमिनीखाली नेला व वरची उंची शेजारच्या इमारतींच्या मर्यादेत ठेविली. सोय वाढली, पण जुन्या वास्तूवर कुरघोडी झाली नाही. या संयमाचे मोल आम्ही मोठे मानतो. तथापि उणीव सांगितलीच पाहिजे. दोशींच्या तळात वारा न सांगता येतो. येथे बाहेरच्या लाकडी फळ्या हाताने उघडाव्या, मिटाव्या लागतात. ज्या दिवशी तो हात आळसावेल, त्या दिवशी रचनेतील निम्मा हेतू हरपेल.

खर्चाच्या हिशेबात अंगणाला भाडे येत नाही, म्हणून प्रथम त्याच्यावरच कुऱ्हाड पडते. परंतु गरजा पालटतात. जियाजीराव कापडगिरणीभोवती बिर्लानगर वाढले. गिरणी बंद पडली, वस्ती मात्र राहिली. आज नेमक्या एका कामासाठी बांधलेली खोली उद्या निरुपयोगी ठरेल. अंगण कधीच ठरत नाही. वाढवावे अवश्य, पण पालखीची वाट सोडून.