मर्यादा म्हणजे अंदाज नव्हे

मागच्या वेळी आपण ह्यूमपाशी थांबलो होतो: कालपर्यंत घडलं ते उद्याही घडेल, याला तर्काचा आधार नाही. २००८च्या अरिष्टानंतर हाच धागा धरून पुष्कळांनी बँकांच्या गणितावर टीका केली. ‘व्हॅल्यू ॲट रिस्क’ हे माप १०० पैकी ९९ दिवस तोटा किती रकमेच्या आत राहील ते सांगतं. उरलेल्या एका दिवशी तो कुठवर जाईल, यावर ते गप्प असतं. टीका योग्यच आहे, पण मला ती अपुरी वाटते.

लेहमन ब्रदर्सचं उदाहरण घ्या. १५ सप्टेंबर २००८ रोजी ही गुंतवणूक बँक दिवाळखोरीत गेली. न्यायालयाने नेमलेले परीक्षक अँटन वॉलुकस यांचा अहवाल मार्च २०१० मध्ये आला. एकूण किती जोखीम घ्यायची, याची मर्यादा बँकेने स्वतःच घालून घेतली होती. २००६ मध्ये ती २.३ अब्ज डॉलर होती. २००८च्या सुरुवातीला ४ अब्ज झाली. शिवाय वाईट दिवस आले तर काय होईल, हे पाहणाऱ्या ‘स्ट्रेस टेस्ट’मधून व्यापारी स्थावर मालमत्तेतल्या मोठ्या गुंतवणुका काही काळ वगळलेल्या होत्या. म्हणजे परीक्षा घ्यायची, पण अवघड विषय सोडून!

आता सांगा, यात गणित कुठे चुकलं?

अंदाज आणि वचन यांत फरक आहे. नवा पुरावा आला की अंदाज बदलावा, तेच शहाणपण. मर्यादा मात्र स्वतःला दिलेलं वचन असतं. मोह नसताना ते द्यायचं, मोहाच्या वेळी पाळायचं. लेहमनने वचनाला अंदाजासारखं वागवलं.

तुम्ही म्हणाल, सर, बाजार बदलला तर मर्यादा बदलायची नाही का? जरूर बदला. पण ज्याला ती ओलांडायची आहे, त्याच्या हाती तो अधिकार नको.

या मर्यादा बँकेच्या अंतर्गत होत्या, कायद्याने घातलेल्या नव्हत्या. म्हणून ते निर्णय वॉलुकस यांनी व्यावसायिक निर्णयाच्या कक्षेत धरले. कायद्याचा प्रश्न तिथे संपला. आपला तिथेच सुरू होतो. ६०० अब्ज डॉलरहून अधिक देणी मागे ठेवून ती बँक गेली. जे बंधन केवळ आपल्या शब्दावर उभं आहे, ते राखायचं कोणी?